उशिरा खुरपलेले चार वाफे

आमचा निफाड तालुक्यातला उन्हाळ कांदा परवा काढून झाला. बांधाकडचे शेवटचे चार वाफे मी मुद्दाम वेगळे काढून घेतले. यंदा त्यांचीच खुरपणी लांबली होती.

लागवड जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली. पहिली खुरपणी २५-३० दिवसांत व्हायला हवी, पण तेव्हाच द्राक्षांची काढणी जोरात. पेठ-सुरगाण्याकडून मजुरीला येणारी माणसं तिकडे, इकडे मी आणि सासूबाई. रोज थोडं थोडं करत या चार वाफ्यांपर्यंत पोचलो तेव्हा ५५ दिवस उलटले होते.

कांद्याला तणाशी झुंजताच येत नाही. त्याची पात नळीसारखी, सरळ उभी. १५ बाय १० सेंटीमीटरवर रोप लावलं तरी मधली माती उघडीच राहते, ऊन थेट जमिनीवर पडतं. सोयाबीन पसरून गवत दाबतं, तसं याला जमत नाही. मुळंही बहुतेक वरच्या वीतभर मातीतच. आम्ही पाणी आणि युरिया तिथेच देतो, आणि चंदनबटवा, घोळ, माठ ही तणं ते आधी ओढून घेतात. लव्हाळ्याचं तर काय सांगू! खुरप्यानं वरचं छाटलं तरी खाली गाठ राहते आणि आठवड्यात पुन्हा कोंब वर.

खुरपल्यावर मी जास्तीचं खत दिलं, पाणीही मोजून दिलं. वाटलं, रोपं भरून काढतील. नाही काढली. प्रत्येक पातीचं बूड फुगून कांद्याचा एकेक पापुद्रा होतो. पाती कमी, तर पापुद्रे कमी. आणि दिवस मोठा झाला, ऊन तापलं की कांदा पोसायला लागतोच. रोप मागे पडलंय म्हणून तो थांबत नाही. तणानं आमचे नेमके पाती वाढायचे दिवस नेले. शिवाय एवढं मोठं गवत उपटताना मुळं गुंतलेली, कितीतरी रोपं हलली, काही तर हातातच आली.

वेळेवर खुरपलेल्या वाफ्याला तीन क्रेट कांदा निघाला. या वाफ्यांना जेमतेम दीड, त्यातही निम्म्याहून जास्त गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. सासूबाई एकेक कांदा हातात घेऊन बघत होत्या, बोलल्या काहीच नाहीत.

चंदनबटव्याचं बी मात्र तिथे भरपूर गळलंय. चारही वाफ्यांच्या कोपऱ्यांवर मी दगड रोवून ठेवलेत. पुढच्या साली पहिलं खुरपं तिथे लागणार, बाकीचं रान नंतर.