तिसरा प्रोग्रॅम अखेर चढला: टेप-वाचवा कामाची ताजी नोंद

ज्या सी-६० (साठ मिनिटांच्या) कॅसेटने इंदूरच्या मंडळींचं डोकं खाल्लं होतं, तिच्यावरचा तिसरा प्रोग्रॅम चेकसमसकट (वाचन बरोबर झालं की नाही ते सांगणाऱ्या आकड्यासकट) सुटला. तेही डेकमधल्या हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन बदलणाऱ्या स्क्रूला हात न लावता. मागच्या नोंदीत ‘हेडचा कोन जुळवत बसू’ असं ठरलं होतं, तो बेत आता गुंडाळला आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण घरोघरी पडलेल्या स्पेक्ट्रमच्या (कॅसेटवरून प्रोग्रॅम चढवणाऱ्या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या) निम्म्या कॅसेटना हाच रोग असणार.

लक्षणं आठवत असतील: पहिला प्रोग्रॅम मुकाट चढायचा, दुसरा मर्जीनुसार. तिसऱ्याचं हेडर (नाव सांगणारा सुरुवातीचा छोटा तुकडा) वाचलं जायचं, नाव पडद्यावर यायचं, निळे-पिवळे पट्टे शेवटपर्यंत धावायचे आणि मग ‘आर टेप लोडिंग एरर’. तिसऱ्यासाठी स्क्रू फिरवला की पहिला बंद पडायचा. याचा अर्थ सरळ आहे. तिन्ही प्रोग्रॅम वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेले आहेत आणि प्रत्येकाच्या हेडचा कल वेगळा होता. त्या काळी कॅसेट हातोहात फिरायच्या, त्यामुळे यात नवल नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: एरर कधी येते ते बघा. पट्टे चालू असताना मध्येच आली, तर टेपवर खड्डा आहे. सिग्नलची कड वेळेत आली नाही की रॉममधलं (मशीनच्या कायमच्या स्मृतीतलं) रूटीन तिथेच हात वर करतं. पूर्ण ब्लॉक वाचून झाल्यावर आली, तर कडा सगळ्या सापडल्या, पण कुठला तरी बिट चुकीचा वाचला गेला. चेकसम म्हणजे सगळ्या बाइटचा एक्सॉर (बिट सारखे तर शून्य, वेगळे तर एक), आणि तो तपासला जातो सर्वांत शेवटी. आपला रोग दुसऱ्या जातीचा.

अशा वेळी प्रत्येक जण डेकच्या रबरी बेल्टला शिव्या घालतो. बेल्ट बदलायला हरकत नाही, पण आकडे बघा. शून्याचा बिट म्हणजे ८५५ टी-स्टेटचे (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांचे) दोन पल्स, एकाचा बिट म्हणजे १७१०चे दोन. म्हणजे पूर्ण लांबी १७१० आणि ३४२०. रॉम दोन्ही कडांमधलं एकूण अंतर मोजतो आणि साधारण २४०० टी-स्टेटवर रेघ ओढतो. शून्याचा एक व्हायला टेप जवळजवळ तीस टक्के हळू चालायला हवी! इतकी सुस्त टेप कानालाच कळते. शंका असेल तर पायलट टोन (डेटाआधीचा एकसारखा सूर) मोजा: २१६८ टी-स्टेटचे पल्स, ३.५ मेगाहर्ट्झवर ८०७ हर्ट्झ. आमच्या डेकवर ७८०च्या आसपास आला. सव्वातीन टक्के सुस्ती स्पेक्ट्रम सहज पचवतो.

मग खरा चोर कोण? शून्याचा सूर २०४७ हर्ट्झचा आणि एकाचा १०२३चा. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या टेपवर २०४७ हर्ट्झची एक लहर जेमतेम २३ मायक्रॉन लांब पडते. स्टीरिओ हेडचे डावा-उजवा ट्रॅक मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे ०.९ मिलिमीटर अंतरावर असतात. मोनो डेकवर भरलेल्या टेपवर दोन्हींत तोच सिग्नल असतो, पण हेड तिरकं असेल तर एक चॅनल किंचित उशिरा पोचतो. आणि आपण काय करतो? स्टीरिओ डेकमधून वाय-केबलने दोन्ही एकत्र करून स्पेक्ट्रमच्या इअर सॉकेटला देतो. पाऊण अंश कल असला की शून्याच्या बिटांत दोन्ही चॅनल एकमेकांना पुरते खाऊन टाकतात. एकाच्या बिटांचा आवाज तेव्हाही सत्तर टक्के शिल्लक असतो. पायलट तर त्याहून खणखणीत. म्हणून कानाला टेप ‘छान’ वाटते आणि मशीन मात्र रडतं.

तिसऱ्या प्रोग्रॅमचं हेडर का निघून जायचं, तेही यातच आलं. हेडर फ्लॅग (ब्लॉकचा प्रकार सांगणारा बाइट) आणि चेकसम धरून १९ बाइटचं, कसंबसं निसटतं. त्यामागचा ब्लॉक ७६८ बाइटचा अक्षरसंच. अक्षरसंचात रिकामी जागाच जास्त, म्हणजे ६१४४ बिटांत बहुतेक शून्यंच. नेमकं जे मार खातं, तेच गच्च भरलेलं.

आता प्रत्यक्ष कृती.

टेप आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, गुंडाळी सैल असते. पावसाळ्यानंतर कडेला पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट आधी बाहेरच्या बाहेर साफ करा, तशीच डेकमध्ये घालू नका. एक कॅसेट सगळ्या कॅसेटना प्रसाद वाटते. फेल्टचं प्रेशर पॅड गळून पडलेलं असेल तर नव्या कॅसेटमधलं पत्तीसकट काढून बसवा. पाच स्क्रूचं कवच असेल तर हे पाच मिनिटांचं काम. चिकटवलेलं असेल तर टेपची रिळंच उचलून दुसऱ्या कवचात घाला. हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारा दांडा) आणि पिंच रोलर (टेप त्यावर दाबणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पण रोलरचं रबर फार भिजवू नका.

डॉल्बी (डेकमधलं खरखर कमी करणारं सर्किट) बंद. डेकच्या लाइन-आउटमधून दोन्ही चॅनल वेगवेगळे घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. सी-६०ला साधारण ६३५ मेगाबाइट लागतात, लागू द्या. एमपीथ्री नको आणि व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करून तर मुळीच पाठवू नका, त्यात पल्सचं पीठ होतं. नॉइज रिडक्शनचं बटण दिसलं तरी दाबू नका.

इथे बरेच जण फसतात: लॅपटॉपचा माइक सॉकेट मोनो असतो आणि बाजारातले स्वस्त यूएसबी डोंगलही. फाइल दोन चॅनलची दिसते, आत एकच सिग्नल दोनदा. एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिळवा. ठार शांतता झाली तर ती खोटी स्टीरिओ. खरा दोन चॅनलचा लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लागतंच. कॅसेटचं थेट यूएसबी करून देणारी खेळणी मिळतात, त्यांच्याबद्दल आमचं मत वाईट आहे: वेग लडखडतो, आवाज आपोआप वर-खाली होतो, आणि पायलट संपून डेटा सुरू होताना नेमका तोच आवाज डगमगतो. जुना साधा दोन मोटरचा डेक त्यापेक्षा शंभर पटीने बरा. बेल्टसाठी इंदूरच्या महाराणी रोडला जाणार असाल तर डेकचं नाव सांगून उपयोग नाही. वितळलेल्या बेल्टचं डांबर पुसा, पुल्यांभोवती दोरा फिरवून माप घ्या, त्यातून पाच ते सात टक्के कमी करा आणि जाडी चौकोनी की चपटी ते सांगा.

फाइल झाली की उजवा चॅनल काही सॅम्पल पुढे-मागे सरकवून डाव्यात मिळवायचा. तिसऱ्या प्रोग्रॅमला ८ सॅम्पल लागले, म्हणजे कल अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. न सरकवता मिळवलं तर शून्याच्या बिटांचं बळ चाळीस टक्क्यांवर येतं आणि एकाचं ८३ टक्के राहतं. पहिल्या प्रोग्रॅमला ० आणि दुसऱ्याला उलट दिशेने ३. तीन डेक, तीन कोन, सगळं उघड.

‘मग एकच चॅनल का नाही घ्यायचा?’ बरोबर प्रश्न. सहाशे मायक्रॉनचा एकटा ट्रॅक एवढ्या कलाला शून्याचं नव्वद टक्के बळ टिकवतो, आणि बहुतेक कॅसेटना तेवढं पुरतं. तेच आधी करून बघा. पण या कॅसेटची एक कड चुरगळलेली आहे. त्या बाजूचा ट्रॅक मध्येच खड्डा देतो, दुसऱ्या ट्रॅकवर खरखर जास्त. जुळवून मिळवल्यावर सिग्नल दुप्पट आणि खरखर दीडपटीच्या आत, म्हणून चेकसम बसला.

हाताने सरकवायचा कंटाळा आल्यावर पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट केली आहे. उणे २० ते अधिक २० सॅम्पल, प्रत्येक वेळी दोनशे हर्ट्झखालचा गुंजारव कापणं, कडा मोजणं, बाइट जुळवणं, एक्सॉर शून्य आला की ब्लॉक टॅप फाइलमध्ये (स्पेक्ट्रमच्या टेपची संगणकावरची नक्कल) टाकणं. टॅपची रचना सोपी: दोन बाइट लांबी, लहान बाइट आधी, मग फ्लॅग, डेटा, चेकसम. हेडरची लांबी १९, फ्लॅग ०. डेटाचा फ्लॅग २५५. दोन शेजारच्या सरकावांवर सारखाच ब्लॉक निघाला तरच खरा मानतो, कारण एका बाइटचा एक्सॉर योगायोगानेही जुळू शकतो.

हे लिहिता लिहिताच सुचतंय: सरकाव अख्ख्या ब्लॉकला एकच का ठेवायचा? चुरगळलेल्या भागात टेप डुलते, कोन क्षणोक्षणी बदलतो. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला डाव्या-उजव्याची तुलना करून सरकाव आपोआप ठरवला, तर वाया गेलेले म्हणून बाजूला ठेवलेले कॅसेटचे खोकेही परत उघडता येतील. म्हणजे या महिन्यात ठरलेलं कॉम्पोझिट व्हिडिओचं (स्पेक्ट्रमचं चित्र थेट टीव्हीच्या व्हिडिओ सॉकेटला देण्याचं) काम पुढे ढकलायचं. ते तसंही एका ट्रान्झिस्टरचं काम आहे, पळून जात नाही.

आणि निघालं काय, ते तर सांगायलाच हवं. देवनागरी! यूडीजीची (वापरणाऱ्याने स्वतः आकार द्यायची) २१ अक्षरं पुरणार नाहीत हे ओळखून लिहिणाऱ्याने अख्खा ९६ अक्षरांचा संच बदललाय आणि स्मृतीतल्या २३६०६-२३६०७ या जागांना पोक करून (नवे आकडे लिहून) रॉमऐवजी रॅमकडे बोट दाखवलंय. शिरोरेषा प्रत्येक चौकटीच्या वरच्या ओळीत २५५, त्यामुळे शेजारची अक्षरं आपोआप जोडली जातात. वेलांटी आणि मात्रा चढवायला मागे यायचं कॅरेक्टर ८ आणि ओव्हर १ (आधीच्या अक्षरावर नवं छापायची आज्ञा). आता ओव्हर म्हणजे एक्सॉर. मात्रेच्या चौकटीतही शिरोरेषा असती तर दोन्ही रेघा एकमेकींना पुसून गेल्या असत्या. म्हणून मात्रांच्या चौकटीत वरची ओळ कोरी ठेवली आहे. ६४ ठिपक्यांत कोणी एवढा विचार केला होता, वा!

छोटी बातमी: काळ्या उभ्या पट्ट्यांवर अडकलेला स्पेक्ट्रम प्लस चालू झाला. खालच्या रॅमच्या ४११६ चिपवर पाय १ला उणे ५ व्होल्ट नव्हते, पाय ८चे १२ही डळमळीत. टीआर४ हा ट्रान्झिस्टर गेलेला, झेडटीएक्स६५० बसवला. पण नुसता तो बदलून वीज देऊ नका: आयसी ६ ते १३ पैकी एखादी चिप आतून शॉर्ट असली तर नवा ट्रान्झिस्टरही क्षणात जातो. आधी मीटरने पाय १ आणि ८ जमिनीशी तपासा. इथे आयसी १० दोषी निघाली. ४११६ म्हणून ऑनलाइन येणाऱ्या चिपांत पुसून नवं नाव छापलेल्या बऱ्याच असतात, एसीटोनचा बोळा फिरवला की खरं रूप दिसतं. ४१६४ बसवायच्या झाल्या तर पाय ८चे १२ व्होल्ट तोडून ५ द्यावे लागतात, नाहीतर होळी.

पुढच्या भेटीला ज्यांच्याकडे पुण्याच्या डेसिबेल्सच्या डीबी स्पेक्ट्रमबरोबर आलेल्या किंवा त्यावर घरी भरलेल्या कॅसेट असतील त्यांनी आणाव्यात. नाव नसलेल्या आधी, दोन्ही बाजू. घरी लावून बघू नका, आणि डेकचा स्क्रू कोणी फिरवला असेल तर कुठल्या दिशेला ते चिठ्ठीवर लिहून कॅसेटबरोबर ठेवा.