रातांबा झाडाखालीच निवडावा लागतो : आमची वाटचाल

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात आम्ही रातांब्याचं, म्हणजे कोकमाच्या फळाचं, आमसूल आणि आगळ (मीठ घातलेला रस) तयार करतो. इथे रातांबा परसात आहे, बांधावर आहे, रानाच्या कडेलाही आहे. गोव्याकडचे त्याला भिरंड म्हणतात, कन्नड बोलणारे मुरुगलु. आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, पिंपं आणि वाळवणाचा मांडव. मालाचा कस मात्र त्या शेडमध्ये ठरत नाही, झाडाखाली ठरतो. हे कळायला आम्हाला काही हंगाम लागले.

सुरुवातीला फळ गोणीतून यायचं. पैसे वजनावर, म्हणून फांद्या मोडून हिरवं-लाल सगळं एकत्र भरलेलं असायचं. हिरव्या फळात आंबटपणा असतो, रंग नसतो. त्याचं आमसूल तपकिरी पडतं. गोणीत तळाचं फळ चेपून रस सुटतो आणि रात्रीत आंबूस वास धरतो. आता २० किलोचे क्रेट आम्हीच देतो. झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरायचं, लाली चढलेलं फळ झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं) उतरवायचं, शेंड्याचं वानर-शेकरूंना ठेवायचं. मोडलेली फांदी दिसली की त्या झाडाचा माल परत. निवडलेल्या फळाला दर जास्त आणि पैसे रोख. दर न वाढवता नुसती शिकवण दिली तर कोणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

फळ आलं की दुसऱ्या दिवसापर्यंत फोडायचं. साल साधारण निम्म्या वजनाची भरते. गर पिळून रस काढायचा, किलोभर रसाला १०० ग्रॅम मीठ, त्यात साली रात्रभर बुडवायच्या आणि सकाळी वाळत घालायच्या. असे ४-५ पुट, म्हणजे बुडवून वाळवण्याच्या फेऱ्या, द्यायचे. घाईनं दोनच पुट दिले तर आमसूल कागदासारखं होतं, आमटीत रंग उतरत नाही. भांडं स्टीलचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचंच हवं. ॲल्युमिनियम, तांबं, लोखंड या आम्लानं खाल्लं जातं. खरा शत्रू वळीव. मे महिन्यात तिसऱ्या पुटावर पाऊस आला की दोन दिवसांत पांढरी बुरशी. म्हणून सोलर ड्रायर घेतला. तो ५० ते ५५ अंशांवर ठेवतो. त्यापुढे गेलं की वरची बाजू कडक होते, आत ओल राहते आणि तो माल बरणीत महिन्यानं बिघडतो.

तेलासाठीच्या बिया धुऊन वाळवायच्या, रोपासाठी मात्र ओल्याच पेरायच्या. वाळली की रुजण्याची ताकद जाते.

रोपांचं काम शाळेमुळे वाढलं. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेली निम्मी रोपं नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. गावातल्या शाळेची मुलं आता थंडीत, फुलोऱ्याच्या वेळी, आमच्याबरोबर झाडं पाहतात. नराच्या फुलात पिवळ्या पुंकेसरांची गच्च गुंडी, मादीच्या फुलात मधोमध गोल, हिरवट अंडाशय. भिंग लागत नाही, फूल तळहातावर धरलं की फरक दिसतो. मादीच्या खोडावर मुलं सुतळी बांधतात, कोणत्या झाडाचं फळ मोठं आणि सालीला जाड ते आजीला विचारून वहीत लिहितात. कलमाच्या काड्या आम्ही त्या वहीवरूनच निवडतो.

काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याचीच घ्यायची. आडव्या फांदीची घेतली तर कलम जगतं, पण जमिनीलगत पसरतं, झाडाचा आकारच धरत नाही. आमची पहिली खेप याच चुकीनं वाया गेली. काडी आणि खुंट (ज्यावर कलम बांधायचं ते बियांचं रोप) एका जाडीचे हवेत, काडीची पाचर खुंटात नीट बसली पाहिजे, प्लास्टिकची पट्टी घट्ट. खुंटाला खालून फुटवा आला तर लगेच खुडायचा, नाहीतर तोच वाढतो आणि कलम मरतं.

फळ कुठून येतं याची नोंद ठेवतो. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, त्याच्या हद्दीतलं काही घेत नाही. बाकी रानातल्या वेचणीबाबत २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून रानातल्या फळं-बियांसारख्या वस्तूंवरचा, हक्क मान्य केला आहे, हे गोळा करणाऱ्या बायकांना माहीत असावं, म्हणून त्याचं एक पान मराठीत आणि कन्नडमध्ये छापून क्रेटबरोबर देतो.

यंदाची कलमं पहिल्या पावसानंतर बांधांवर जातील. दहा मादी कलमांमागे एक नर ठेवायला प्रत्येकाला सांगतो. तो नको म्हणून उपटला की फळ कमी धरतं.