उडवलेला ‘एच’

मी मूळचा छापखान्यातला माणूस. सदाशिव पेठेत अठरा वर्षं गॅल्या तपासल्या, ऱ्हस्व-दीर्घावरून भल्याभल्या लेखकांशी भांडलो. छापखाना बंद पडल्यावर हडपसरच्या एका कंपनीत लागलो. परदेशातली ग्रंथालयं जुने कागद स्कॅन करून पाठवतात, संगणक त्यातली अक्षरं ओळखतो आणि आम्ही ती मूळ पानाशी ताडून बघतो. ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की संगणक बिनदिक्कत ‘एम’ वाचतो. अशा चुका वेचायच्या. पोट भरतं आणि जुनी खोडही भागते.

त्या दिवशीचा गठ्ठा अमेरिकेतल्या विज्ञानकथावेड्या पोरांचा होता. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइलवर अनियतकालिकं निघाली, तसलाच प्रकार, पण तिकडे १९३० पासूनचा. काही अंक तर त्याहून गरिबीतले. जिलेटिनच्या थरावर जांभळ्या शाईचं पान दाबायचं आणि त्यावरून जेमतेम पन्नासेक प्रती उठवायच्या. शेवटच्या प्रती इतक्या फिक्या की संगणकाने हात टेकलेले.

तरी दुपारपर्यंत माझी गाडी जोरात होती, कारण एक चूक सारखी सापडत होती. देवाला इंग्रजीत ‘जी-ओ-डी’, यांनी लिहिलं होतं ‘जी-एच-ओ-डी’. बिअरमध्येही ‘बी’नंतर ‘एच’. आता मराठी माणसाने रोमन लिपीत लिहिलं तर पहिल्याचं ‘गोड’ होतं आणि दुसऱ्याचं ‘घोड’. एका ‘एच’ने गुळाचा घोडा होतो हे मला सांगायला नको! मी ठरवलं, टंकलेखक अडाणी. सगळ्या फायलींवर एकदम ‘शोधा आणि बदला’ चालवलं. एका ठिकाणी ‘घुडमिंटन’ दिसलं, त्याचं बॅडमिंटन केलं. एका लेखाच्या मथळ्यात फोक म्युझिकचं ‘फिल्क म्युझिक’ झालं होतं, तेही सुधारलं आणि डबा उघडला.

संध्याकाळी मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण टीम त्यांची.

“काका, तुम्ही ‘एच’ काढलेत?”

“चुकीचे होते.”

“ग्रंथालयाचं पत्र आलंय. ते ‘एच’ परत हवेत म्हणतात. सगळे.”

पत्रासोबत खुलासा होता. तो मी उभ्यानेच वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला खुर्ची ओढली. न्यूयॉर्कच्या डोनाल्ड वॉलहाइम आणि जॉन मिशेल या पोरांनी १९३० च्या दशकाच्या मध्यात ‘घूघू’ नावाचा थट्टेचा देव काढला होता. हा वॉलहाइम म्हणजे ज्याने १९७१ मध्ये स्वतःच्या आद्याक्षरांची प्रकाशनसंस्था काढली तोच. एकाने देव काढला की दुसरा गप्प बसतो थोडाच? विरोधात ‘फूफू’ उभा राहिला. एकमेकांना पाखंडी ठरवणं, शापवाणी, सगळं यथासांग. चाळीसच्या दशकाच्या अखेरीला मिशिगनच्या आर्ट रॅपच्या टोळक्याने रॉस्को नावाचा बीव्हर देवपदाला बसवला. बीव्हर म्हणजे नदीत लाकडांचे बांध घालणारा, मोठ्या दातांचा प्राणी. चार जुलै हा त्याचा सण. तर तो ‘एच’ घूघूच्या नावातला. भक्ती दाखवायला तो हव्या त्या शब्दात घुसवायचा आणि प्यायच्या वस्तूत तर आवर्जून.

लहानपणी आम्ही ‘च’ची भाषा बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून. आणि इथे मीच तो न कळणारा मोठा माणूस झालो होतो.

घुडमिंटन हाही खराच खेळ निघाला. बेलफास्टमध्ये वॉल्ट विलिस आणि बॉब शॉ ही मंडळी पोटमाळ्यावर पुठ्ठ्याच्या तुकड्यांनी फूल मारत तो खेळायची. पण मला खरा घाम फुटला तो ‘फिल्क’पाशी. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ली जेकब्स नावाच्या गृहस्थाने लेखाच्या मथळ्यात ‘ओ’ऐवजी ‘आय’ मारला. म्हणजे ती चूकच होती! पण ती मंडळींना इतकी आवडली की विज्ञानकथेच्या मैफलींत गायच्या गाण्यांना आजही फिल्क म्हणतात. एका अख्ख्या गायनप्रकाराचा जन्म ज्या चुकीतून झाला, ती मी जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटांत दुरुस्त केली होती.

अशा हौशी अंकांना म्हणतात तो ‘फॅनझीन’ हा शब्दही याच पोरांचा, रस शोवने याने १९४० मध्ये बनवलेला. तो शब्दकोशांत गेला म्हणून माझ्या हातून वाचला.

आता निस्तरायचं कसं? उलटं ‘शोधा आणि बदला’ चालवता येईना, कारण काही ठिकाणी देव साधाच होता, बिअरही साधी. कुठे थट्टा आणि कुठे खरा देव हे मूळ पान बघितल्याशिवाय कळणार कसं? मॅडम म्हणाल्या, “काका, घरी जा, उद्या बघू.” मी गेलो नाही. बायकोला फोन केला आणि पान एकपासून बसलो. फिक्या जांभळ्या अक्षरांत एकेक ‘एच’ शोधून परत बसवत गेलो. अकराच्या सुमारास एका संपादकाची तक्रार वाचली, की स्टेन्सिलवर चुका खोडायचं द्रव्य संपलंय, आता चुका तशाच वाचा. त्या द्रव्यालाही त्यांनी लाडाचं नाव ठेवलेलं, ‘कॉरफ्लू’.

पहाटे शेवटच्या फायलीत ‘रिसीव्ह’च्या स्पेलिंगमध्ये ‘आय’ आणि ‘ई’ची अदलाबदल दिसली. बोट कळीवर गेलं, थांबलं. ग्रंथालयाला लिहून विचारलं, हाही कुठल्या देवाचा आहे का?

तासाभरात उत्तर आलं. नाही, ती नुसतीच चूक आहे. तीही राहू द्या.