आच्छादनाखाली हात घातला तेव्हा

वाफ्यावरच्या गवताच्या आच्छादनाखाली हात घातला आणि तो तसाच मागे आला. ताप असलेल्या अंगाला हात लागावा, तशी आत ऊब होती.

हा वाफा आम्हीच नऊ दिवसांपूर्वी लावून दिला होता. फुलझुडपांची चाळीस रोपं. मालकीणबाईंचा फोन आला, "रोपं माना टाकतायत हो, आणि पाणी तर मी दोन्ही वेळा भरपूर देतेय." ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. रोप मलूल दिसलं की माणसं नळ सोडतात, मातीत बोट घालून बघत नाहीत.

मी मुद्दाम उजाडताच गेले. भर उन्हात नवं रोप कोमेजलेलं दिसतंच, त्यावरून काही ठरत नाही. पण रात्र उलटूनही सकाळी जे उभं राहत नाही आणि माती मात्र ओली असते, त्याची मुळं दुखावलेली समजायची. निम्म्याहून जास्त रोपं झुकलेली होती. पानांच्या कडा टोकाकडून आत करपत आल्या होत्या.

वर ताज्या कापलेल्या गवताचा सहा इंची थर, थेट बुंध्यांना टेकवलेला. हिरवं गवत असं जाड पसरलं की दबून त्याची चटई होते, हवा कोंडते, आत तापतं आणि आंबतं. एका बुंध्याला नख लावलं तर साल तपकिरी होऊन बोटाबरोबर निघून आली.

तरी एवढ्या गवताने पानं करपणार नाहीत, म्हणून खुरप्याने बाजूची माती सारली. आत शेणाचे गोळे जसेच्या तसे. एक फोडला तर पोटात हिरवट ओल आणि डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. मुळांची पांढरी टोकं काळी पडली होती.

कुजलेलं शेणखत काळपट, भुसभुशीत असतं. त्याला पावसाळी मातीचा वास येतो आणि ते कधीकाळी शेण होतं हे ओळखूही येत नाही. ढीग वरून बघून काही कळत नाही, वरचा भाग वाळून छान दिसतो. हात कोपरापर्यंत आत घालायचा. गार लागला तरच गाडी उतरवून घ्यायची. खत विकणारा प्रत्येक जण 'पूर्ण कुजलेलं' असंच सांगतो. त्या दिवशी मी दुसऱ्या कामावर होते आणि गाडी आमच्या मुकादमाने उतरवून घेतली. त्याच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ असतात, पण काम लवकर उरकायची घाई त्याला फार. खरं तर नव्या रोपाला खताची घाई नसतेच. आधी मुळं मातीत शिरू द्यावीत, नवी पालवी दिसली की मग थोडं थोडं द्यावं.

आम्ही दोघांनी बसून गवत उचललं, बुंधे मोकळे केले, गोळे वेचून काढले. मुकादम म्हणाला, "ताई, मातीत भुसा मिसळू का? ओल ओढून घेईल." मी नको म्हटलं. लाकडाचा भुसा कुजवताना जिवाणू मातीतला नत्रही ओढून घेतात, त्या रोपांना आणखी उपास घडला असता.

खरी अडचण पुढे होती. खताचे क्षार धुवायचे तर भरपूर साधं पाणी सोडायला हवं, आणि माती तर आधीच चिखल झालेली, मुळांना हवा नाही. मी थांबायचं ठरवलं. मालकीणबाईंना पाणी पूर्ण बंद करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी वाफसा आला, म्हणजे जादा पाणी निथळून माती नुसती ओलसर राहिली, तेव्हा एकदाच सावकाश पाणी मुरवलं. मग वाळक्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन केलं, प्रत्येक बुंध्यापासून चार बोटं सोडून.

अकरा रोपं गेली. त्यातली सहा वाफ्याच्या उताराला होती, जिथे पाणी साचत होतं. ती बघितली की वाटतं, थांबले ते बरोबरच केलं. पण उरलेली पाच वरच्या बाजूची, जिथे माती लवकर निथळली होती आणि खत सगळ्यात जास्त पडलं होतं. तिथे पहिल्याच दिवशी पाणी सोडायला हवं होतं का? वाफा एकच, पण त्याला दोन वेगळे उपचार हवे होते, असं आता वाटतं. त्या सकाळी हे माझ्या ध्यानात आलं नाही.

बाकीच्यांना पालवी फुटतेय. त्या अकरा जागा अजून भरलेल्या नाहीत, खड्डे उकरून उघडे ठेवलेत. परवा एकेकात हात घालून बघितला. माती गार लागली.