त्या राजधानीला शाप कुणी दिला?

माझ्या कादंबरीत गवताळ माळावरची एक राजधानी ओस पडते; तिला शाप लागला म्हणतात आणि तिथले भटके लोक परत फिरकत नाहीत. ती वाचलेला माणूस भेटला की हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ दुसरा: 'मग ते भटके लोक परत जाऊन शहर वसवत का नाहीत?' तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

शाप कुणीच दिलेला नाही. म्हणजे पुस्तकात आहे, एका म्हातारीच्या तोंडी. पण माझ्या डोक्यात ते शहर दाण्यावाचून मेलं. मंगोलांची जुनी राजधानी काराकोरम घ्या. चंगीझखानाचा मुलगा ओगदेई याने १२३५ मध्ये गवताळ माळावर तट बांधला खरा, पण खायला-प्यायला रोज पाचशे गाड्या बाहेरून याव्या लागत, असं फारसी इतिहासकार लिहितात. १२६० मध्ये गादीवरून कुबलाई आणि काराकोरमचा अरिक बोके या भावाभावांत जुंपली आणि कुबलाईने चीनकडची रसद तोडली. शहराची उपासमार झाली. १२६४ मध्ये अरिक बोके शरण आला.

माझ्या पुस्तकातही हे प्रकरण होतं. म्हातारी रोज पहाटे पूर्वेच्या वेशीत कान लावून बसते. गाड्या दिसायच्या आधी आसांची करकर ऐकू येते म्हणून. करकर येत नाही. घरात गोवऱ्या संपलेल्या, माळावर झाड औषधाला नाही. शेवटी ती दाराची चौकट उपटून चुलीत घालते आणि सुनेला म्हणते, 'चला, कडी लावायची कटकट गेली.' मग गाड्या अडवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. संपादकांनी अख्खं प्रकरण लाल पेनाने उडवलं. 'हिशेबाची वही वाटते हो. शाप ठेवा, गाड्या काढा.' मी तावातावाने भांडले आणि मग हो म्हटलं. पुस्तक यायला हवं होतं मला. घरी येऊन रडले, तेही लिहून टाकते. शिव्याशाप तेवढे वाचले, आणि तुम्ही विचारता तो शाप तोच.

'उपाशी लोक भूक विसरतात, शाप लक्षात ठेवतात,' असं मी पूर्वी कार्यक्रमांत ठोकून द्यायचे. टाळ्याही पडायच्या. पण काराकोरमच्या पडक्या दगडांतूनच सोळाव्या शतकाच्या अखेरीस एर्देने झू हा बौद्ध मठ उभा राहिला. शापाची भीती असती तर ते दगड कुणी देवाच्या भिंतीला लावले असते का? मग माझेच लोक का घाबरतात? माहीत नाही. दर वेळी वेगळं उत्तर सुचतं.

परत का जात नाहीत, ते मात्र सोपं आहे. कळप घेऊन एकाच जागी बसलं तर आसपासचं गवत किती दिवस पुरेल? शहर गेलं म्हणून हळहळता तुम्ही. ते नाही हळहळत. निदान सध्या तरी मला असंच वाटतं.