अनस्किल्ड

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पावसाळ्यात गेलो असताना मामीचा नोंदणीचा एक अर्ज भरून देण्याचे काम माझ्याकडे आले. कामाच्या प्रकाराच्या रकान्यात तीनच पर्याय छापलेले होते आणि मामीसाठी त्यातला ‘अनस्किल्ड’ हाच निवडायचा, असे सोबत आलेल्या मुलाने आधीच सांगून ठेवले होते. मी तो शब्द मोठ्याने वाचला. मामीने तो ‘अनशिकल’ असा ऐकला आणि निर्विकारपणे म्हणाली, “लिव नं बाबू, खरंच आहे. मी कुठं शाळा शिकली?”

मी लिहिले, पण शब्द मनातून जाईना. मामीने केलेली गल्लत पुष्कळ शिकलेली माणसेही करतात. शाळा न शिकलेला तो अकुशल, असे त्यांनी मनोमन ठरवलेले असते. कायद्याचे म्हणणे मात्र वेगळे आहे. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने अकुशल शारीरिक कामाची व्याख्या केली, ती अशी की कोणतीही प्रौढ व्यक्ती कौशल्याशिवाय किंवा विशेष प्रशिक्षणाशिवाय करू शकेल असे काम. म्हणजे तिथे हे विशेषण कामाला लावलेले आहे, माणसाला नव्हे. अर्जाच्या रकान्यात आल्यावर ते कामावरून अलगद उतरते आणि माणसाच्या नावापुढे जाऊन बसते. किमान वेतनाच्या कोष्टकांत तर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा पायऱ्याच असतात. ‘अर्धकुशल’ हा शब्द वाचला की मला अर्ध्यावर उतरवलेला भात आठवतो, पण ते असो.

मराठीत या शब्दाची अडचण आणखी वाढते. पूर्वी पत्राच्या सुरुवातीला ‘येथील सर्व कुशल’ असे लिहीत. त्या हिशेबाने अकुशल म्हणजे घरात काहीतरी बिनसलेले. आमच्या गावच्या विहारात कुशल कर्म म्हणजे चांगले कर्म, आणि अकुशल म्हणजे टाळावयाचे. इंग्रजीतला एक कोरडा प्रशासकीय शब्द मराठीत आणताना आपण त्याच्या गळ्यात केवढे ओझे अडकवले!

मुळाकडे गेले की गंमत वाटते. संस्कृत पंडित ‘कुशल’ची जी व्युत्पत्ती सांगत आले, तीनुसार हात न कापता कुश गवत काढून आणणारा तो कुशल. कुशाचे पाते धारदार आणि टोक अणकुचीदार. कुशाग्र बुद्धी म्हणतो ती त्याच टोकावरून. इंग्रजीतला ‘स्किल’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचा अर्थ भेद, पारख असा होता; त्याच्या जवळच्या क्रियापदाचा अर्थ वेगळे करणे. एका भाषेत गवत उपटणे आणि दुसऱ्या भाषेत हे वेगळे, ते वेगळे, असे ओळखणे. या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की आमच्याकडच्या भाषेत त्याला निंदण म्हणतात.

अर्ज भरला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मामीबरोबर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, निंदायला उतरलो. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, होऊन महिना होत आला होता. ही रोवणी गावातल्या बायकांनी गुत्त्याने, ठेका घेऊन, केली होती. पऱ्ह्यांची दोन-तीन रोपे एका वेळी चिमटीत धरून, वाकून मागे मागे सरकत, ती चिखलात जेमतेम एक पेर खोल लावायची. त्याहून खोल गेले तर फुटवे कमी येतात आणि फार वर राहिले तर रोप तरंगते. ही खोली मोजायला बोटाखेरीज काही साधन नसते. निंदणात माझी खरी परीक्षा झाली. धानात उगवणारा सावा हे तण कोवळेपणी हुबेहूब धानासारखा दिसतो. वनस्पतिशास्त्राचे पुस्तक सांगते की धानाच्या पात्याच्या सांध्यावर पापुद्र्यासारखी एक बारीक जीभ असते, ती सावाला नसते. हे मला पाठ होते. पण गुडघाभर चिखलात, पाठीवर ऊन घेऊन, एकेक सांधा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला तर सबंध बांधीला दिवाळी उजाडेल. मामी सांधा बघत नव्हती. तिचा हात रोपाच्या बुडाशी जाई, क्षणभर थबके आणि सावा तेवढा मुळासकट वर येई. कसे ओळखतेस, म्हणून विचारले तर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “दिसते नं.”

दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून तिने माझ्या मुठीतला ढीग चिवडला. त्यातून पाच-सहा रोपे बाजूला काढली, हसली नाही, रागावलीही नाही. पदर खोचून पुन्हा चिखलात उतरली आणि ती धुऱ्याच्या कडेला एकेक रोवून आली. दसऱ्याला गेलो तेव्हा धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. ती पाच-सहा रोपे नेमकी कोणती, हे मी धुऱ्यावर उभा राहून बराच वेळ शोधत होतो. मामीने न थांबता, जाता जाता बोटाने दाखवली.