नोकरी नाही, पण डबा रोज असतो

अकरा महिने झाले माझी नोकरी जाऊन. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन करायचे मी, साकीनाक्याला, चौदा वर्षं. म्हणजे माल परदेशी पाठवतानाचे कागद: कस्टम्सला द्यायचं शिपिंग बिल, बीएलचा (जहाज कंपनीच्या पावतीचा) ड्राफ्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, आणि एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, आली की तिचा शब्द न् शब्द वाचायचा. कंपनीने ते सगळं काम दुसऱ्या शहरात हलवलं आणि आमची आठ जणांची टीम एका शुक्रवारी संपली. वय ३९, मुलगी आठवीत, भांडुपला वन बीएचके आणि त्याचा हप्ता चालू.

पहिले चार महिने मी फक्त अप्लाय केलं. सकाळी डोळे उघडले की मोबाईल, दिवसाला तीस-चाळीस ठिकाणी, आणि रात्री आकडा मोजायचा, आकडा मोठा असला की वाटायचं आज काहीतरी केलं. फोन यायचे, नाही असं नाही. "मॅम, नोटिस पिरियड किती आहे?" मी म्हणायचे लगेच जॉइन होईन, की पलीकडे जरा शांत व्हायचं, मग "ओके, करंटली वर्किंग नाही आहात का", आणि परत फोन नाही. एकदा चकाल्याला इंटरव्ह्यू होता, घाटकोपरहून मेट्रो पकडली, वाटेत साकीनाका स्टेशन आलं आणि सवयीने उठायला गेले. त्या दिवशी इंटरव्ह्यूत मला धड बोलताच आलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे दुपार. सकाळी कामं असतात, संध्याकाळी घरात माणसं असतात, पण दोन ते पाच माणूस नुसता भिंतीकडे बघत बसतो. हे माझ्या सासूबाईंनी ओळखलं, मी कोणाला काही बोलले नव्हते. एके रात्री म्हणाल्या, "अगं, उद्यापासून तुझा डबा भरते मी. कुठेतरी बाहेर जाऊन बस, घरात बसून चेहरा उतरलाय तुझा." मी म्हटलं, "आई, कुठे जाऊ?" तर म्हणाल्या, "ते तू बघ, डबा मी बघते."

मग स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत जागा घेतली, महिना ९०० रुपये. सगळी एमपीएससीची मुलं, सकाळी सातला येऊन बसतात, कितव्या अटेम्प्टला आहेत हे एकमेकांना विचारत नाहीत, आणि मला ते फार बरं वाटलं कारण लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला तेच विचारायचा, लागली का कुठे. इथे मी पण मान खाली घालून बसायचे, साडेनऊ ते पाच. मोटिव्हेशन म्हणजे काय ते मला माहीत नाही खरंतर, पण नऊ-दहाला घरातून निघायचं असेल तर आंघोळ करावी लागते, केस विंचरावे लागतात, आणि तेवढ्याने अर्धा दिवस सावरतो हे मी अनुभवलंय.

तिथल्याच एका मुलाने माझा रेझ्युमे बघितला. मी पैसे देऊन बनवून घेतला होता, दोन कॉलम, डावीकडे फोटो, स्किल्सच्या पट्ट्या. तो म्हणाला, "ताई, हा सगळा कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका एकदा." टाकला तर डावीकडचं उजवीकडे मिसळलेलं, कंपनीचं नाव एकीकडे आणि वर्षं तिसरीकडेच. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि दोन कॉलम, टेबल असलं की त्याचा असाच गोंधळ होऊ शकतो. चार महिने मी तो कागद पाठवत होते! तुम्ही पण करून बघा, दोन मिनिटं लागतात. त्याच दिवशी साधा एका कॉलमचा केला, आणि "हार्डवर्किंग, टीम प्लेयर" काढून एलसी स्क्रुटिनी, शिपिंग बिल फायलिंग, आइसगेट (कस्टम्सचं पोर्टल) असे कामाचे शब्द घातले. आणि नोकरी डॉट कॉमवर दर दोन दिवसांनी प्रोफाइल उघडून काहीतरी अपडेट करायला लागले, कारण रिक्रूटर तिथे शोधताना प्रोफाइल शेवटचं कधी अ‍ॅक्टिव्ह होतं तेही लावून बघतात. फोन थोडे वाढले.

पण खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. मी अप्लायचा आकडा मोजणं बंद केलं आणि वहीत रोज लिहायला लागले की आज कोणाशी बोलले. आधी मी जुन्या ओळखीच्यांना फोन करतच नव्हते, लाज वाटायची, काय म्हणून करायचा, नोकरी द्या म्हणून? मग मेसेजच बदलला. नोकरी आहे का हे विचारायचंच नाही. विचारायचं, "तुमच्या ओळखीत कोणा छोट्या एक्स्पोर्टरचे पेपर्स अडकतात का, मी बघून देते." तेवीस जणांना पाठवला, सहा जणांचं उत्तर आलं, त्यातला एक आमचा जुना सीएचए काका, सीएचए म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारा एजंट. तो म्हणाला, "तुर्भ्याला मसाला मार्केटमध्ये एक मुलगा आहे, पहिल्यांदाच एलसीवर हळद पाठवतोय, जाऊन ये."

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडून गेले. दुकानात पाय ठेवला तर मिरचीच्या वासाने ठसका लागला, पोत्यांच्या मधे एक टेबल, त्यावर सगळे कागद. मी एलसी वाचायला घेतली आणि अर्ध्या तासात सापडलं. सीआयएफवर माल होता, म्हणजे भाडं आणि विमा विकणाऱ्याने भरायचा, त्यात विमा मालाच्या सीआयएफ किमतीच्या किमान ११० टक्क्यांचा लागतो, त्याने १०० टक्क्यांचा काढला होता. माल अजून गोडाऊनमध्येच होता म्हणून पॉलिसी वाढवून घेता आली, जहाज सुटल्यावर कळलं असतं तर पेपर बँकेत अडकले असते. तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, आणि मला काय वाटलं ते सांगू, दहा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की माझं काम मला येतं. ते गेलेलं नाहीये. ऑफिस गेलं, काम माझ्याजवळच आहे.

आता त्याच्याकडे आठवड्यातून दोन दिवस जाते, महिना १२ हजार. हप्ता त्यात बसत नाही, नवऱ्याच्या पगारावर ओढाताण चालूच आहे, मुलीचा क्लास आम्ही बदलला आणि ती एका शब्दाने बोलली नाही, ते मला जास्त लागलं. पण रेझ्युमेवर आता गॅप नाही, आणि फोनवर "करंटली वर्किंग?" विचारलं की मी हो म्हणते आणि काय करते ते सांगते, आवाजच वेगळा निघतो. वाईट दिवस अजून येतात, मागच्या बुधवारी एका ठिकाणी सगळं ठरल्यावर नाही म्हणाले, त्या दिवशी अभ्यासिकेत गेले, डबा खाल्ला आणि तीनला घरी येऊन झोपले. दुसऱ्या दिवशी परत गेले.

सोमवारी बेलापूरला एका कंपनीत दुसरा राउंड आहे, ट्रेड फायनान्सची पोस्ट, म्हणजे टेबलाच्या पलीकडची बाजू, एक्स्पोर्टरचे पेपर तपासणारी. मी कधी अप्लाय केलं नसतं तिथे, सीएचए काकांनीच सुचवलं. डिस्क्रिपन्सीवर, म्हणजे पेपर एलसीशी न जुळण्यावर, विचारणार हे नक्की, म्हणून यूसीपी ६००, एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम, काढून बसलेय. आर्टिकल १४, बँकेला पेपर तपासायला पाच बँकिंग दिवस, माल चढल्यावर २१ दिवसांत पेपर सादर. हे पाठ आहे मला. आर्टिकल १६, पेपरमध्ये चूक सापडली तर बँकेने काय करायचं ते, मात्र आज रात्री परत वाचायचंय.